रिकामं धनुष्य

चाळीस दिवस मास्तरांनी बाण दिला नाही.
नुसतं धनुष्य. ओढायचं, थांबायचं,
आणि सोडायचं नाही. हळूहळू परत न्यायचं,
झोपलेलं पोर मांडीवरून खाली ठेवतात तसं.

तोंगयंगच्या टेकडीवर सकाळी वारा बोचतो.
"माल्सून, डावा खांदा."
वर गेलाय हे मला कळतच नाही.
एकतीस वर्षं कालवं सोलतेय मी,
टोपली याच खांद्यावर.
टोपली उतरते, तो उतरत नाही.

"पाय असे नकोत. फोटोला उभी राहिल्यासारखे नकोत,
आणि भांडायला आल्यासारखे तर नकोतच."
मग कसे?
मास्तर बेक दोक्सू जरा थांबले.
जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस.
"लाट येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे."
हे मात्र एका झटक्यात कळलं.

हनुवटी आत. श्वास पोटात, बेंबीच्या खाली.
अंगठ्यात शिंगाची अंगठी, तिच्यात दोरी,
दोरी कानाच्या मागे.
आणि मग उजवं मनगट ऐकेना.
दोरी परत न्यायच्या आधीच वळू बघे,
शिंपल्याच्या फटीत सुरी घालून
आम्ही फिरवतो ना, तसं.
"बाणसुद्धा सोलणार आहेस का?" मास्तर म्हणाले.
मागे बसलेला किराणावाला ग्वाक खो खो हसला.
मीही हसले. खांदा पुन्हा वर.

एक्केचाळिसाव्या दिवशी एक बाण.
एकच.
एकशे पंचेचाळीस मीटरवर फळी,
इथून काडेपेटीएवढी.
मी फळीकडे पाहिलंच नाही खरं तर.
पाय, पोट, हनुवटी, खांदा
यांच्यातच इतकी गुंतले होते
की बाण कधी गेला ते हाताला नंतर समजलं.

निम्म्या वाटेवर, गवतात पडला.
कुणी काही बोललं नाही. इथे बोलायचं नसतं.
आणायला गेले. बासष्ट पावलं.
वाकले, उचलला, मागे वळून पाहिलं:
मी उभी होते तेवढीच जागा
दव पुसून काळी झालेली,
दोन पायांची, जरा तिरकी.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जोम्ऱ्ये म्हणाली,
"मानेला काय झालं गं तुझ्या? लांब दिसतेय."
काही नाही, म्हटलं. सुरी घेतली.
मनगटाचा झटका इथेच ठेवून जायचा,
टेकडीवर न्यायचा नाही, असं ठरवलं.
ठरवलं खरं.
टेबलाखाली रबरी बुटांतले पाय मात्र
आपोआप सरकले,
लाट येणार असल्यासारखे.