पहिली पाळी

कात्रज डेपोची माझी पहाटेची गाडी
बंद होऊन एकवीस दिवस झाले,
तरी साडेतीनला डोळे उघडायचे.
आता तर ते मिटतच नाहीत.

गाडीच्या सीटा काढल्यात म्हणे,
आडवं होऊन जाणाऱ्यांसाठी.
कोण चालवतं, विचारलं नाही.

सुगंधा कुशीवर वळते.
तिच्या नाकाखाली बोट धरतो.
ऊब.
थांबून, पुन्हा ऊब.
"झोपा की हो," ती डोळे न उघडता म्हणते,
"जागीच आहे मी."

खाली सातारा रस्त्यानं
सायरन स्वारगेटकडे जातो.
उजवा पाय
चादरीत ब्रेक शोधतो.

मग दोघं छताकडे बघत थांबे म्हणतो:
भारती विद्यापीठ, बालाजीनगर, पद्मावती...
पुढे कधीतरी
एकाचा आवाज उतरून जातो.
दुसरा गाडी तशीच नेतो.