मुकं अक्षर

मंडणगडच्या सेवा केंद्रात
मी दिवसभर लोकांची आडनावं टाइप करते.
परवा एक बाई आल्या, लीड्सच्या, उन्हाने नाक सोललेलं.
बाणकोटच्या सड्यावर त्यांचा खापरपणजोबा पुरलाय.
गलबतांची डागडुजी करायला आला, तापाने गेला.
थडग्यावरची करवंदाची जाळी तोडायला
तहसीलदारांची परवानगी हवी.

नाव विचारलं. म्हणाल्या, राइट.
मी 'बरोबर'चं स्पेलिंग घातलं.
त्या हसल्या. आधी डब्ल्यू लावा.
तो बोलत नाही, पण लागतो.

सर्व्हर बंदच होता, मग सांगत बसल्या:
राइट म्हणजे करणारा.
चाकाच्या मागे लागला की चाकं करणारा,
जहाजाच्या मागे लागला की जहाजं.
कुणाकुणाचं पुढचं गळून गेलं,
नुसता करणारा उरला.
काय करणारा, ते विचारायचं राहून गेलं.

मी म्हटलं, आमच्याकडेही शेवटाला कर असतो,
वेळासकर, केळशीकर,
पण तो गावाला लागतो.
आणि कर म्हणजे हात, हे मला
बोलता बोलताच आठवलं.

आमचं मात्र मेस्त्री.
चुलत्यांच्या दाखल्यावर सुतार.
आजोबा एकच, शाळामास्तर दोन.

संध्याकाळी आबांना घेऊन सड्यावर गेलो.
पाच वर्षं झाली, त्यांनी होडी बांधलेली नाही.
आता फायबरच्या येतात, साच्यातून, इडल्यांसारख्या.
वाकसाने ते घरचं सरपण तासतात.

परवानगी आली नव्हती. आबांनी कोयती चालवली.
शेवाळ खरवडून, फळीतली गाठ चाचपावी
तसं एकेक अक्षर चाचपलं.
'ह्यांचं काम काय?'
दातांच्या डॉक्टर, मी म्हटलं. कवळ्या करतात.
'मग आडनाव सोडलेलं नाय.'

डब्ल्यूपाशी बोट थांबलं.
करवतीचे दोन दाते.
'ह्ये वाचायचं नाय, तर कोरलं कशाला?'

मी काय सांगणार.
खाली खाडीत ओहोटी होती,
चिखलात एक जुनी होडी कलंडलेली,
पठाण उघडा पडलेला.
आबा तिकडेच बघत होते.
'ऐनाचा आहे. मीच बसवलेला.
भरतीला दिसत नाय.'

आज अर्ज पुरा केला.
इंग्रजी रकान्यात डब्ल्यू घातला.
मराठी रकान्यात त्याचं काय करायचं कळेना.
राइटच्या आधी एक मोकळी जागा सोडली.
सेव्ह केलं,
मशीनने ती खाऊन टाकली.