घराचे आवाज

थेल्माचे बूट मला एक नंबर मोठे.
मोज्यांवर मोजे चढवले, तरी
तिच्या अंगठ्याजवळच्या हाडानं चामड्याला आणलेला फुगवटा
रिकामाच राहिला,
घरधनीण उठून गेल्यावर कुणी बसू नये
अशा खुर्चीसारखा.

शनिवारी ती दोघं विमानात बसणार.
आमच्या घराची किल्ली आत्ताच आयव्हरच्या खिशात,
त्यांची ह्यांच्या.
मधले तीन दिवस चौघंही एका छपराखाली,
चहाचं आधण कोणी ठेवायचं, यावरून भिडस्त.

पहिल्या दिवशी शेतांतून चाललो.
उभ्या गव्हाच्या मधोमध पायवाट;
कुणाच्याही रानातून कुणीही जावं
असा म्हणे इथला जुना हक्क.
मला सारखं वाटत होतं, आता कुणीतरी हटकणार.
हटकलं ते गाईंनी.
नऊ जणी येऊन उभ्या राहिल्या ओळीनं,
नवी सून बघायला याव्यात तशा.
आयव्हर म्हणाला, पळू नका, बोलत राहा.
ह्यांनी त्यांना मराठीतून पाऊसपाणी विचारलं.
गाई विचार करून बाजूला झाल्या.

कुंपणावरची लाकडी पायरी आली की
आयव्हर थेल्मापुढे हात करतो.
ती दरवेळी तो न घेता चढते,
आणि उतरल्यावर धरते.

बुधवारी होडी. तिचं नाव ‘आंट विनिफ्रेड’.
एखादा बोळ गावातून निसटून पाण्यावर आला असावा
इतकी लांब, इतकी अरुंद.
वेग ताशी चार मैल, तोही तिच्या मनात आलं तर.
काठानं कुत्रा घेऊन चाललेले एक आजोबा
आम्हाला मागे टाकून गेले.
परत येताना त्यांनी टोपी उचलली.
आम्ही अजून त्याच झाडापाशी.

सुकाणूचा दांडा ह्यांच्या हाती दिला.
डावीकडे जायचं तर उजवीकडे लोटायचा.
छत्तीस वर्षांच्या संसारानंतर
हे त्यांना लगेच जमलं.

लॉकच्या दारावरच्या तुळईला पाठ लावून
मी रेटत राहिले. ढिम्म हलेना.
थेल्मा काकडीचं सँडविच सोडत म्हणाली,
दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ दे आधी,
मग करंगळीनंही उघडतं.
करंगळीनं वगैरे काही नाही, पाठ अजून दुखते.
पण उघडलं.

आणि मग बोगदा.
बारा मिनिटं काळोख, इंजिनाची धडधड,
विटांतून मानेवर टपकणारं गार पाणी.
तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच असेल,
थेल्मानं विचारलं,
“रात्री तुमचं घर कसले आवाज करतं?”

गॅस, गीझर, पाणी यायची वेळ, कचऱ्याची गाडी,
सगळं मी वहीत लिहून दिलं होतं.
हे नव्हतं.
आठवत गेले.
फ्रिज मध्येच आवंढा गिळतो.
खिडकीच्या वरती पारवा कूस बदलतो.
आणि रोज रात्री अकराला
वरच्या मजल्यावर काहीतरी पडतं.
“काय पडतं?”
“माहीत नाही. बावीस वर्षं झाली,
विचारायचं राहूनच गेलं.”

ती हसली असावी.
मग म्हणाली, “आमचा जिना पहाटे वाजतो.
तीन पायऱ्या, बस्स. कुणी चढत नसतं.
म्हणजे, आता नसतं.”
मी वाट पाहिली.
लांबवर उजेडाचा रुपया दिसला,
रुपयाची पुरी झाली,
आणि आयव्हर पुढून ओरडला, डोकी सांभाळा.

आज सोमवार.
पहाटे जिना वाजला. मी मोजल्या, तीनच.
उठून खोलीचं दार किलकिलं करून ठेवलं
आणि पुन्हा झोपले.

संध्याकाळचे साडेसहा, गवतावर ऊन अजून दुपारचंच,
फोन थरथरला. तिकडे अकरा वाजले असणार.
थेल्माचा निरोप:
“आत्ताच पडलं!
आयव्हर म्हणतो, बूट आहे.
मी म्हणते, मग एकच कसा?”