गळकं बूच, एक

रमजानात आमच्या तळघरात
विक्री नाही, फक्त मोजदाद.
वर मनामाच्या रस्त्यावर डांबर पाघळतंय
आणि खाली चौदा अंशांत मी, स्वेटर घालून,
बाटली न हलवता चिठ्ठ्या वाचतोय.
सिल्हेटचा युनूस, रोज्यातला,
दारातच थांबून आकडे लिहितो,
वासाकडे पाठ करून.

छातीवरच्या पितळी पट्टीत हौशीराम मावलं नाही,
'हौशी' एवढंच कोरलं त्यांनी.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पेल्यांत ओततोय,
पगार घेतो, परीक्षेची पिन लावतो,
अजून हौशीच.
पाहुण्यांना अर्थ कळत नाही, ते बरंय.

चौथी रांग, खालून दुसरा कप्पा. माडिराँ.
घरचाच मळा, घरचीच पिंपं,
विकायला आलेला माणूस सांगून गेला होता.
दोन हजार तीनच्या चिठ्ठीवर
'जेर्मेन कास्तेरा आणि पुत्र'.
खाली बापाची सही,
शेवटचं अक्षर बांधापर्यंत ओढत नेलेलं.
आठ सालात सही कापते.
नऊमध्ये 'पुत्र' नाही.
त्या जागेवर मी बोट फिरवलं,
कागद गुळगुळीत होता.
अकरामध्ये बापही नाही,
नुसतं गावाचं नाव,
चिठ्ठीही वाकडी चिकटलेली.
मग चौदा सालावर निळ्या शाईत
शाळेतल्या वहीसारखं नीट: ओदील कास्तेरा.
मुलगी असेल. सून असेल.
मला कोण कळवणार?

त्याच चौदातली एक गळत होती.
नियम असा की उघडायची, चाखायची,
थुंकायची, नोंद करून ओतून द्यायची.

पेल्यात काळी. कडेला जराशी जांभळी,
वाकवला पेला तरी खालचं बोट दिसेना.
पुस्तकात म्हटलंय: भरल्या अंगाची,
ब्लॅकबेरी, चामडं, शिसपेन्सिल.
ब्लॅकबेरी मी पहिल्यांदा पाहिली
अठ्ठाविसाव्या वर्षी, इथल्याच केकवर.
तरी रोज म्हणतो, पाहुणे मान डोलावतात.

पण जिभेला कुणी पढवलेलं नाही.
गालांना आतून कुणी चिमटीत धरलं
आणि ती सरळ म्हणाली: तुरट.
बाळहिरडा.
आंबेगावच्या डोंगरात, घराखालच्या कातळावर
आई पसरायची तो, कोवळा, हिरवा,
चार उन्हांत काळा खडा व्हायचा.
तिची बोटं दिवाळीपर्यंत काळी.
घोडेगावचा व्यापारी तराजूत स्वतःचा अंगठाही मोजायचा.
कुठे जातो हो एवढा हिरडा?
चामडं कमवायला, म्हणायचा, लांब.

म्हणजे चामडं नंतरचं.
आधी हिरडा.
हे कुठल्याच पाहुण्याला सांगितलेलं नाही.

मी थुंकलो, स्टीलच्या बादलीत, शिकवल्यासारखं.
दुसऱ्यांदा मात्र नाही थुंकलो.
कास्तेरांच्या घरात नऊ साली काय झालं ते
घशाखाली उतरतं का पाहत होतो बहुतेक.
काही कळलं नाही. ऊब आली फक्त,
आणि तुरटपणा बसून राहिला,
पाहुणा उठत नाही तसा.

'काय लिहू?' युनूस, पाठमोरा.
गळकं बूच, एक.
घोटाची नोंद नाही.

रात्री आईला फोनवर म्हणालो,
इथे एक दारू आहे, हिरड्यासारखी लागते.
ती इतका वेळ गप्प, वाटलं लाईन गेली.
'आणि पैसे देऊन पितात?'
हो. एका बाटलीला
तुझा दीड मोसम.
पुन्हा गप्प. मग हसली,
खोकला येईपर्यंत हसली.
'ती बाई,' म्हणाली, 'तिचीपण बोटं काळी असतील.'
मी ओदीलबद्दल सांगितलंच नव्हतं अजून.
कुठली बाई?
'असेलच की कुणीतरी.'

मग नेहमीचं: जेवलास का, ऊन फार का,
आणि हिरडा खाल्ल्यावर पाणी पी रे वर.

प्यालो. नळाचं, समुद्राचं,
कारखान्यात मीठ काढून घेतलेलं,
एरवी ज्याला कसलीच चव नसते.
गोड होतं.