मूठ

सुरीची मूठ सुटली ती हर्णैच्या लिलावात.
सुरमईच्या मानेत पातं तसंच राहिलं
आणि माझ्या हातात नुसतं लाकूड,
खारानं फुगलेलं, बुळबुळीत.
अंगठ्याला चार टाके.
गिऱ्हाईक विचारत होतं, "रक्त माशाचंच ना?"

मुनाफ सारंग बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत बसतात.
तीस वर्षं जहाजावर, आता गुडघे चढू देत नाहीत
साध्या होडीतसुद्धा.
त्यांच्याकडे नारिंगी दोरीची एक लड होती,
पॅराशूटची म्हणे, सिंगापूरहून आणलेली,
कधी उलगडलीच नव्हती.
"लाकूड फेक," म्हणाले. "पातं दे, नि बालदीभर पाणी."

दोरी आधी भिजवली.
ओली ओढली की सुकताना आवळते,
हे त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला कळलं.
पात्याच्या शेपटावर एक वेढा उजवा, एक डावा,
मधे पडते ती फुली अंगठ्याखाली यायला हवी,
म्हणून तीनदा माझा हात धरून मापला.
डाव्या हाताची दोन बोटं नाहीत त्यांना.
तिथं ते दात लावतात.
उरलेल्या तुकड्याच्या पोटातून
सात पांढरे धागे ओढून काढले,
"हे जाळ्याला," म्हणत माझ्या ओटीत टाकले.
टोकं लायटरनं चिकटवली,
जळक्या बांगडीचा वास.

शेवटी मनगटासाठी कडी.
मी म्हटलं, "घट्ट करा चाचा,
खाडीत पडली तर गेलीच."
ते बांधलेली गाठ सोडवत बसले.
मग पुन्हा बांधली,
एका हिसक्यात सुटेल अशी.
"सुरी तीनशेला मिळते," एवढंच बोलले,
आणि तीन बोटांनी लड गुंडाळू लागले.

पैसे नकोत म्हणाले. दोन पापलेटं ठेवली,
त्यातलं एक परत माझ्या टोपलीत.
"घरात खाणारा मी एकटाच."

नारिंगी रंग महिन्याभरात गेला.
फुल्यांच्या खाचांत खवले अडकतात,
रात्री जुन्या ब्रशनं काढते.
पुण्याची माणसं विचारतात, कुठं मिळते अशी?
मी सुरमई तोलते.

दिवसातून एकदा, लिलाव सुरू व्हायच्या आधी,
कडीला हिसका देऊन बघते.
सुटते.
पुन्हा बांधते.
त्यांच्यासारखी अजून जमत नाही,
माझी गाठ
घट्टच बसते.