झोपडीतली वही

तोर्ग्नीला ही वाट पाठ आहे.
आता उजवीकडे पडकी गिरणी, तो म्हणतो, आणि गिरणी येते.
आता मेंढरांचं फाटक, त्याची कडी उलटी लागते.
कडी उलटीच लागते.
सहा वर्षांपूर्वी तो एकटा चालून गेला होता
थेट ट्रॉन्हेमपर्यंत, संत ओलावच्या वेदीपर्यंत,
आईसाठी.
आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली,
आणि आमच्या घरात देव मानणारी ती एकटीच.

आज नववा दिवस. पाऊस पाचव्यापासून.
धो धो नाही, तसला असता तर निदान भांडता आलं असतं.
हा आपला चिवट, बारीक, कानाशी लागलेला.
रेनकोटच्या आतून मी घामानं भिजते, बाहेरून पावसानं.
मधलं पातळ प्लास्टिक
कुणाची बाजू घ्यावी ते न कळल्यासारखं.

पाऊस थांबतो तेव्हा डास सुरू होतात.
त्यांचं आपसात ठरलेलं आहे.
तोंडाला भूर्जाच्या डांबराचं तेल फासलंय,
वास धुरकट, जुन्या होडीचा,
आणि तरी पापण्यांवर, कानाच्या पाळीवर,
बुटाच्या नाडीच्या भोकातूनसुद्धा.
काल मी एका चापटीत सात मारले
आणि विचारलं, यात्रेत हे चालतं का रे?
तोर्ग्नी म्हणाला, चालतं. संत स्वतः कुऱ्हाड घेऊन हिंडायचा.

दलदलीवर दोन-दोन फळ्या टाकल्यात.
फळी दबते, खालचं तपकिरी पाणी चूळ भरतं.
पाऊल चुकलं की गुडघ्यापर्यंत पृथ्वी.
रात्र जूनमध्ये इथे होतच नाही,
उजेड तेवढा पातळ होतो, ताकात पाणी घालावं तसा,
त्या पाणचट उजेडात डास जागे, आम्हीही.

सीमेच्या अलीकडे लाकडी झोपडी.
चूल, मेणबत्तीचे तुकडे, उंदरांनी कुरतडलेला साबण,
आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली वही, ओलीनं फुगलेली.
तोर्ग्नी मोजे पिळायला बाहेर गेला.
मी पानं उलटत मागे गेले.
हंगेरीचा कोणी, दोन डॅनिश नर्स, सायकलवरचा पाद्री.
एका पानावर चिरडलेला डास,
भोवती कुणाचं तरी रक्त, आता गंजाच्या रंगाचं.
त्याच्याच खाली माझ्या भावाचं अक्षर,
बाईंनी कितीही गिरवून घेतलं तरी उजवीकडे कलंडलेलं:

पाऊस. डोळे सुजून मिटलेत.
पुढे नाही जात. आई, माफ कर.

आईला त्यानं वेदीबद्दल सांगितलं होतं.
दगड किती गार होता,
मेणबत्ती लावताना हात कसा थरथरला,
वरच्या काचेतून निळा उजेड कसा सांडला बोटांवर.
आईनं ती बोटं हातात घेऊन पाहिली होती,
एकेक करून,
निळं अजून कुठे लागलेलं असेल म्हणून.
तीन दिवसांनी ती गेली. झोपेत.

तोर्ग्नी आत आला. कोणी ओळखीचं सापडलं?
छे, मी म्हटलं. डासच डास.
तो चुलीकडे वळला.
बराच वेळ काडी पेटेना.

सकाळी पुन्हा फळ्या, पुन्हा पाऊस.
तासाभरानं वाटेच्या दोन वाटा झाल्या,
खुणेचा खांब चिखलात आडवा.
तोर्ग्नी थांबला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.
निघाल्यापासून त्यानं एकदाही 'आता' म्हटलं नव्हतं.
चष्म्यावर पाणी साचलेलं, पुसायचंही सुचेना.
एक डास त्याच्या गालावर बसून
सावकाश लाल होत होता.

तू पुढे हो, सीगब्रिट, तो म्हणाला.
इथून पुढचं मला आठवत नाही.

मी डाव्या फळीवर पाय ठेवला.
मागून त्याच्या बुटांचा पिच् पिच् आवाज
यायला जरा उशीर झाला.
मग आला.