बॅटरी बदलल्यावर

बॅटरी बदलली फागण्याला, भिकन बडगुजरकडे,
तेव्हापासून पडद्यावर कुणी परकंच बोलतंय.
काटा साठवर, तरी ट्रकमागून ट्रक मागे पडतायत.
बाहेर एकशे अकरा.
एकशे अकरा म्हणजे तापच की,
मी कपाळाला हात लावून बघतो, स्वतःच्या.

शेजारी सुपडूअण्णा. मोजणी खात्यात
अडतीस वर्षं साखळीचं एक टोक धरलेला माणूस.
साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची,
सख्ख्या मेव्हण्याच्या बांधावरसुद्धा
अर्धा आणा इकडेतिकडे होऊ दिला नाही म्हणतो.
पडद्याकडे तो बघतच नाही.
खिडकीतून दगड वाचतो: पारोळे चौदा.
पडदा म्हणतो नऊ.

"यातलं खोटं कोण बोलतंय, अण्णा?"
"दगड उनमा उभा शे.
तेले काय पडेल शे खोटं बोलाले?"

रसवंतीच्या लिंबाखाली गाडी घेतो.
पडद्याच्या आत पडदा, त्याच्या आत आणखी एक,
माजघर, मग देवघर, मग कुठे ती कोनाड्यातली ओळ:
मैल. किलोमीटर.
बोट टेकवतो.
एकशे अकराचे झाले चव्वेचाळीस, एका दमात,
स्टीअरिंग मात्र तव्यासारखं तसंच.
आणि नऊचे चौदा.

आता अण्णा पहिल्यांदा वाकून बघतो.
दगडाशी जुळलं म्हणून खूश होईल, तर नाही.
टोपी काढतो, गुडघ्यावर ठेवतो.
"पाच वाढनात ना भो," म्हणतो,
"आते रस पेवाच लागी."